दोन वर्षं शेणखत घातलं, उत्पन्न वाढलं नाही. माझं चुकतंय कुठे?

नवी_नांगरट

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणी नीट उत्तर देऊ शकणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं चार एकर रान आहे. मध्यम खोलीची, जरा चिकट माती. वडिलांनी तीस वर्षं पिकवलं ते सगळं गोणीतल्या खतावर. चार वर्षांपूर्वी शेती माझ्या अंगावर आली. तेव्हापासून एकच बघतोय. पाऊस पडून गेला की वर खपली धरते, कोंब ती फोडताना वाकडा होतो, कधी आतच राहतो. नंतर आठ दिवस ऊन पडलं की भेगा. सेंद्रिय पदार्थ वाढवले की माती सुधारते, उत्पन्न वाढतं असं जिथे तिथे वाचलं, म्हणून चारपैकी दोन एकरांत प्रयोग केला. उरलेले दोन एकर जुन्याच पद्धतीने ठेवले.

पहिल्या वर्षी एकरी चार ट्रॉल्या शेणखत टाकलं, अंदाजे १० टन. ते पसरून पाच दिवस तसंच पडलं, कारण ट्रॅक्टर मिळाला नाही. खत घातलंय म्हणून मक्याला युरिया निम्मा केला. निकाल असा की शेणखताच्या रानात एकरी २१ क्विंटल आणि जुन्या पद्धतीच्या रानात २४.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेवढंच शेणखत. शिवाय त्याआधीच्या गव्हाचं काड, एकरी साधारण दोन टन, न जाळता रोटाव्हेटरने मातीत मिसळलं आणि दहा दिवसांत मका पेरला. तीन आठवड्यांत रोपं पिवळी पडली. काही ठिकाणी रोपं सुकली, उपटून पाहिलं तर हुमणी, मुळं खाणारी अळी. तणही कधी नव्हतं एवढं.

माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) आधी ०.४१ टक्के होता, दोन वर्षांनी ०.४४ आला. शेजारचे काका म्हणतात, मेहनत मातीत पुरलीस. मला खरंच कळत नाही. सेंद्रिय पदार्थांनी उत्पन्न वाढतं हे सगळ्या जमिनींना लागू होतं का? की मीच काहीतरी चुकवतोय? पुढच्या हंगामात हे चालू ठेवू की सोडू?

बांधावरची

दादा, सोडू नका. तुमचा एकेक आकडा मी वहीत मांडून पाहिला आणि त्यातला एकही मला विचित्र वाटला नाही. जे घडलं ते तसंच घडायला हवं होतं. मी स्वतः याच वाटेने गेले आहे, हे माझं नववं वर्ष, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

आधी तो ०.४४ घेऊ, कारण तुमचं मन तिथे खचलेलं दिसतंय. एक एकर रानातली वरची १५ सेंटीमीटर माती काढून तोलली तर साधारण ८०० टन भरते. तुम्ही घातलेलं १० टन शेणखत म्हणजे निम्मं पाणी. उरलेल्या ५ टनांत माती आणि राखही असते. शुद्ध कर्ब काढला तर सव्वा टनाच्या आसपास. आता यातला बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात, आणि ते त्यांनी खायलाच हवं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात खुणेचा, म्हणजे नंतर ओळखता येईल असा कर्ब असलेलं गवत मातीत मिसळून त्याचा मागोवा घेतला होता. एका वर्षानंतर त्यातला सुमारे एक तृतीयांश कर्ब मातीत उरला होता, चार-पाच वर्षांनी एक पंचमांश. शेणखत गवतापेक्षा थोडं जास्त टिकतं, पण हिशेबाला हाच धरा. म्हणजे तुमच्या सव्वा टनातले चारशे किलो वर्षाअखेर उरले. आठशे टनांत चारशे किलो म्हणजे ०.०५ टक्के. दुसरीकडे मातीतला जुना कर्बही दरवर्षी थोडा थोडा झिजतच असतो. सगळी वजाबाकी केली की दोन वर्षांत ०.०३ ते ०.०८ एवढीच वाढ दिसणार. तुमचा रिपोर्ट अगदी त्यात बसतो.

पहिल्या वर्षीचा तीन क्विंटलचा फरक कर्बाचा नाही, नत्राचा (नायट्रोजनचा) आहे. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात. १० टनांत ५० किलो. पण ते सगळं पहिल्या पिकाला मिळत नाही. पहिल्या हंगामात पाव ते एक तृतीयांश सुटतं, म्हणजे १२ ते १६ किलो. बाकीचं पुढची वर्षं हळूहळू. त्यात तुमचं खत पाच दिवस उन्हात उघडं पडलं होतं. शेणातलं जे नत्र लगेच उपयोगी पडणारं असतं तेच अमोनिया होऊन उडतं, आणि सगळ्यात जास्त पहिल्या दिवस-दोन दिवसांत उडतं. आणि तुम्ही युरिया निम्म्यावर आणला. मका नत्राला किती हावरा आहे तुम्हाला माहीतच आहे. पीक उपाशी राहिलं.

दुसऱ्या वर्षीचं पिवळेपण त्याहून सोपं. मातीतले जिवाणू २४ भाग कर्बामागे एक भाग नत्र असं जेवतात. गव्हाच्या काडात ८० भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं. दोन टन काडात कर्ब ८०० किलोंच्या वर, म्हणजे ते पचवायला ३५ किलोंच्या आसपास नत्र लागणार. काडात स्वतःचं असतं जेमतेम १० किलो. उरलेलं २५ किलो जिवाणूंनी कुठून घेतलं? तुमच्या मक्याच्या तोंडचं. ते नत्र नाहीसं झालेलं नाही. जिवाणूंच्या अंगात अडकलेलं आहे, ते मेले की परत मातीत येतं. पण मक्याला ज्या तीन-चार आठवड्यांत हवं होतं त्या वेळी ते नव्हतं. काड मिसळून, ओल देऊन दीड-दोन महिने गेले असते, किंवा काड वरच आच्छादन म्हणून पडू दिलं असतं, तर एवढा फटका बसला नसता. वर पडलेलं काड मातीला थोडंच टेकतं, ते सावकाश कुजतं, त्यामुळे ओढही कमी लागते.

आता तुमचा खरा प्रश्न. माती बदलतेय का हे कागदावरून पुढची चार वर्षं नीट कळणार नाही. पण हाताने आजच कळेल. काचेच्या दोन बरण्या घ्या. शेणखताच्या रानातलं एक आणि दुसऱ्या रानातलं एक, लिंबाएवढं ढेकूळ आणा. दोन्ही ढेकळं सावलीत पूर्ण सुकू द्या. ही अट महत्त्वाची आहे, ओलं ढेकूळ फसवतं. मग बरण्यांत पाणी भरून वर जाळीचा तुकडा अडकवा आणि त्यावर ढेकूळ अलगद बुडवा. बघत बसा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या साध्या रानातलं ढेकूळ पाण्यात गेल्या गेल्या फुसफुसलं. बुडबुड्यांची एक रांग वर आली, कडेचे पोपडे सुटले आणि दीड मिनिटात खाली चिखलाचा थर. बांधावरच्या गवताखालचं ढेकूळ मात्र दहा मिनिटांनीही उभं होतं आणि पाणी निवळशंख. तीच माती, मध्ये चार पावलांचं अंतर. कोरड्या ढेकळात हवा कोंडलेली असते. पाणी वेगाने आत घुसलं की ती हवा दाबली जाते आणि ढेकूळ आतून फोडते. बुरशीचे तंतू, मुळांचा चिकटा, जिवाणूंनी सोडलेला डिंकासारखा पदार्थ, यांनी कण बांधलेले असतील तर ते तो दाब सोसतात. पावसाचा थेंब तुमच्या रानात हेच करतो. ढेकूळ फुटतं, बारीक कण वाहून छिद्रांत बसतात, वाळले की तुमची खपली. म्हणून मी शेणखत घालते ती आधी त्या डिंकासाठी, नत्रासाठी नंतर.

दुसरी चाचणी पाण्याची. १५ सेंटीमीटर रुंदीच्या नळीचा वीतभर तुकडा कापून मातीत निम्मा ठोका. आत ४४० मिली पाणी ओता, तो झाला अडीच सेंटीमीटर पाऊस. पहिलं पाणी मुरू द्या, मग लगेच दुसऱ्यांदा तेवढंच ओता आणि या दुसऱ्याची वेळ घड्याळावर लावा. माझ्या जुन्या रानात सत्तेचाळीस मिनिटं लागली होती. पाचव्या वर्षी त्याच जागी अकरा मिनिटं.

उत्पन्नाचं सांगते. पहिली दोन वर्षं मलाही काही दिसलं नाही. मी दरवर्षी सहा तास, म्हणजे पिकाच्या सहा ओळी, बिनशेणखताचे ठेवते, बाकी खत-पाणी-बियाणं सगळं सारखं. तिसऱ्या वर्षी सोयाबीन फुलात असताना तेवीस दिवस पाऊस नव्हता. दुपारी बांधावर उभं राहिलं की ते सहा तास दुरूनच ओळखू यायचे, पानं उलटी होऊन पांढुरकी दिसायची. शेजारचे तास चार-पाच दिवस उशिराने कोमेजले. तेवढ्यात पाऊस आला. मळणी वेगळी केली तर एकरी हिशेबाने ७८० किलो आणि ५६०. चांगल्या पावसाच्या वर्षी माझा फरक आजही फारसा नसतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण दरवर्षी भरघोस वाढ मिळेल अशा आशेने सुरुवात करणारे दुसऱ्याच वर्षी सोडून देतात.

परीक्षानळी

ताईंनी कर्बाचा हिशेब छान मांडला. मी माती तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे रिपोर्टबद्दल दोन शब्द.

०.४१ आणि ०.४४ हे एकाच आकड्याचे दोन उच्चार समजा. एकाच शेतात दहा पावलांवर यापेक्षा जास्त फरक निघतो. नमुना कसा घेतला यावर सगळं अवलंबून आहे. दरवेळी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, शेणखत टाकायच्या आधी घ्या. एकरात किमान पंधरा-वीस ठिकाणची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवा. वरचं काड-पाचोळा बाजूला सारून मगच खड्डा घ्या, नाहीतर तुम्ही काडाचा कर्ब मोजून घेताय. शेणखताच्या जुन्या ढिगाची जागा, बांधाची कड, झाडाखालची जागा टाळा.

आणि दरवेळी एकाच प्रयोगशाळेत द्या. बहुतेक ठिकाणी अजूनही १९३४ सालची वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. त्यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्के मोजला जातो आणि आकड्याला १.३ ने गुणून भरपाई करतात. एकाने गुणलं आणि दुसऱ्याने नाही, तर तुमची माती एका रात्रीत सुधारलेली किंवा बिघडलेली दिसेल. अजून एक गोंधळ मी रोज बघतो. कुठे सेंद्रिय कर्ब लिहितात, कुठे सेंद्रिय पदार्थ. रूढ हिशेबात कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ येतो. तुमचा ०.४४ कर्ब म्हणजे पाऊण टक्का सेंद्रिय पदार्थ. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना हे आधी बघा.

दरवर्षी कर्ब तपासायची गरज नाही. तीन-चार वर्षांनी एकदा पुरे.

गोठ्याच्या_दारात

हुमणी आणि तण दोन्ही खतातून आलेत, भाऊ. शंका नको. ज्याला तुम्ही शेणखत म्हणताय तो उकिरड्याचा ढीग होता, वरून सुकलेला आणि आतून कच्चा. हुमणीच्या भुंगेऱ्यांना अंडी घालायला असा ढीग फार आवडतो. ट्रॉलीत भरताना पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या असतील, आठवून बघा.

ढीग नीट रचला तर तो आतून तापतो. हात घालवत नाही इतका. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला आणि मधूनमधून उलथला, म्हणजे बाहेरचं आत गेलं, की तणाचं बी आणि रोगाचे जंतू बहुतेक मरतात. लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा, धरवत नसेल तर काम चाललंय. ओल पिळलेल्या फडक्याएवढी हवी. पाणी गळायला लागलं तर आत हवा राहत नाही, ढीग सडतो आणि वास सुटतो. तयार खताला मातीचा वास येतो, शेणाचा येत नाही. मी याच्यावरच ओळखतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. रुंद पानांच्या तणांवर मारतात त्या काही तणनाशकांचा अंश चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातो आणि तसाच शेणात उतरतो. ढीग कुजला तरी लवकर जात नाही. अमिनोपायरालिड हे त्यातलं एक. गवतवर्गीय पिकाला कळत नाही, पण टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची पानं गुंडाळून पिळवटतात. २००८ साली ब्रिटनमध्ये कित्येकांचे भाजीचे वाफे यामुळे गेले. बाहेरून खत आणत असाल तर आधी दोन कुंड्यांत मातीत मिसळून घेवड्याचं बी लावा. तीन आठवडे थांबा. पानं सरळ आली तर ट्रॉली मागवा.

ओलिताचा

मला एक विचारायचं आहे. सेंद्रिय पदार्थ १ टक्का वाढला की एकरात लाखभर लिटर पाणी जास्त साठतं असं फिरत असतं. हे खरं मानायचं का? मी पाण्याचं नियोजन त्यावर करू पाहत होतो.

बांधावरची

त्यावर नियोजन करू नका, दादा. २०१८ साली मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या दोघा शास्त्रज्ञांनी जगभरच्या हजारो नमुन्यांची मोजमापं एकत्र करून पाहिली. सेंद्रिय कर्ब १ टक्का वाढला तर १०० मिलिमीटर जाडीच्या थरात पिकाला उपलब्ध पाणी सरासरी १.१६ मिलिमीटर वाढतं, एवढंच निघालं. वाळूच्या मातीत जास्त, चिकणमातीत कमी. वरच्या ३० सेंटीमीटरचा हिशेब केला तर एकरी चौदा हजार लिटर. आणि लक्षात घ्या, हा कर्ब आहे, कर्ब १ टक्का वाढवायला माझ्यासारखीला आयुष्य लागेल.

मग माझं सोयाबीन पाच दिवस जास्त कसं टिकलं? मी खूप विचार केला यावर. माझ्या मते मातीच्या पोटात मावणारं पाणी थोडंच वाढलं, पण पोटात जाणारं पाणी पुष्कळ वाढलं. सत्तेचाळीस मिनिटांचे अकरा झाले ते बघा. जोराचा पाऊस आधी बांधावरून वाहून जायचा, आता रानात मुरतो. शिवाय मुळं. कुदळीने खणून पाहिलं तर साध्या तासात मुळं वीतभर खाली जाऊन आडवी वळलेली होती, जणू फरशी लागली. शेणखताच्या तासात हातभर सरळ. खालच्या थरातली ओल दोन्हीकडे होती, पण एकीकडच्या मुळांना ती गाठता आली.

रासायनिक खतांबद्दलही कुणी चुकीचा अर्थ घेऊ नये म्हणून लिहिते. रॉथमस्टेडला १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग अखंड चालू आहे. तिथे पुरेशी रासायनिक खतं मिळालेल्या पट्ट्यांनी शेणखताच्या पट्ट्यांची अनेक दशकं बरोबरी केली. त्यामुळे गोणीतलं खत घालणाऱ्याला मी दोष देत नाही. पण त्याच केंद्रात सातूचा एक तुकडा आहे. १८५२ ते १८७१, अशी वीस वर्षं त्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत दिलं आणि मग बंद केलं. शंभर वर्षं उलटली तरी त्या तुकड्यातले सेंद्रिय पदार्थ कधीच खत न मिळालेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा जास्त होते, पीकही जास्त. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आमच्या रानाकडे फार वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. आपण घातलेलं कुणालातरी पणतवंडापर्यंत पुरतं.

आणि नवी_नांगरट दादांनी विचारलंय की हे सगळ्या जमिनींना लागू आहे का. २०१९ साली जगभरच्या मका आणि गव्हाच्या आकडेवारीचा एक अभ्यास आला. कर्ब वाढतो तसं उत्पन्न वाढतं, पण २ टक्क्यांच्या आसपास ही वाढ थांबते. ज्यांची माती आधीच तिथे आहे त्यांना अजून खत ओतून फारसं मिळणार नाही. तुम्ही ०.४४ वर आहात. मिळण्यासारखं सगळं तुमच्यापुढेच आहे.

नवी_नांगरट

ताई, परीक्षानळी, भाऊ, मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लावले, कारण ढेकळं वाळायची वाट बघत होतो.

काल संध्याकाळी बरण्या मांडल्या. वडीलही येऊन बसले. जुन्या रानातलं ढेकूळ दोन मिनिटांत बसलं, पाणी चहासारखं. शेणखताच्या रानातल्या ढेकळाचा खालचा भाग सुटला, पण वरचा अर्धा सात मिनिटं उभा होता, नंतर पडला. फार मोठा फरक नाही. पण फरक आहे. वडिलांनी तो अर्धा तुकडा बोटात घेतला, चुरडून पाहिला, आत एक केसासारखं पांढरं मूळ होतं, त्याच्याभोवती माती मण्यांसारखी चिकटलेली. ते काहीच बोलले नाहीत, पण सकाळी स्वतःच नळी कापून रानात गेले. जुन्या रानात दुसरं पाणी मुरायला चोपन्न मिनिटं, शेणखताच्या रानात अडतीस.

अळ्यांचं बरोबर आहे भाऊ, ट्रॉली भरताना दिसल्या होत्या. तेव्हा मला वाटलं मातीला चांगल्या असतील.

आता पुढच्या हंगामाचं विचारतो. माझ्याकडे शेणखत यंदा एकरी दोनच ट्रॉल्या होईल. काड आहेच. काय क्रमाने करू?

बांधावरची

वडील नळी घेऊन गेले हे वाचून फार बरं वाटलं.

दोन ट्रॉल्या पुरे, पण दरवर्षी. एका वर्षी दहा टन आणि मग चार वर्षं काही नाही, यापेक्षा मला हे पटतं, कारण तो डिंक जिवाणू रोज बनवतात आणि रोज खाऊनही टाकतात. त्यांना खायला मिळत राहिलं पाहिजे.

आत्ताच ढीग उलथून रचायला घ्या. शेणाचा थर, काडाचा थर, असं करत कमरेपर्यंत. जास्तीचं काड इथेच संपवा. शेणात दर २० भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं, काडात ८०, दोन्ही मिळाले की जिवाणूंना हवं तसं जुळून येतं आणि भांडण ढिगात मिटतं, मक्याच्या मुळाशी जात नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी उलथा. गोठ्याच्या_दारात भाऊंनी सांगितलेली सळई वापरा.

उरलेलं काड रानात ठेवायचं असेल तर वर पसरून ठेवा, रोटाव्हेटर घालू नका. तसंही तुमच्या चिकट मातीवर रोटाव्हेटर मी जपूनच वापरेन. मातीचे कण बांधायला वर्ष लागतं, तो एका फेरीत पीठ करतो, आणि पिठाची खपली सगळ्यात लवकर धरते. कुळवाच्या पाळीवर काम भागतंय का बघा. काड जाळू मात्र नका, त्यातलं नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं.

पेरणीआधी दीड-दोन महिने रान मोकळं आणि ओल असेल तर ताग किंवा धैंचा पेरा. फुलावर यायच्या सुमाराला, ४५-५० दिवसांत, कोवळा असतानाच गाडा. शेंगवर्गीय आणि कोवळा असल्यामुळे त्यात नत्र भरपूर असतं, पिवळेपणाची भीती नाही. जून होऊन त्याचे दोर झाले की तोही काडासारखाच वागतो. गाडल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

खत पसरलं की त्याच दिवशी मातीआड करा. ट्रॅक्टर आधी ठरवा, ट्रॉली नंतर बोलवा.

युरिया यंदा कमी करू नका. शेणखतातून मिळणारं पाच-सात किलो नत्र फार तर वजा करा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मागच्या सगळ्या खतांचं मिळून नत्र सुटायला लागेल, तेव्हा एका पट्ट्यात थोडा कमी करून बघा, पीक हिरवं राहिलं तर पुढे जा.

कोंबडीखत कुणी देऊ केलं तर थोडंच घ्या. ते तिखट असतं, क्षारही जास्त, आणि नत्राच्या हिशेबाने घालत गेलं की स्फुरद (फॉस्फरस) गरजेपेक्षा फार साठतं.

आणि सहा तास तसेच सोडा, मी सोडते तसे. मन मोडेल त्या वर्षी तेच उपयोगी पडतात.

नवी_नांगरट

सहा तास नाही, वडील म्हणतात आठ ठेवू, म्हणजे मळणीला वेगळं तोलायला सोपं जाईल. खुंट्या आज ठोकल्या. ढीग उद्यापासून.